सुटे भाग, तयार विमान आणि ओझर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित पाठ. बोलताना जिथे फारच भरकटलो होतो तिथे थोडी छाटणी केली आहे, बाकी बरंचसं जसंच्या तसं.

सुरुवात एका सरकारी कागदापासून करू. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयानं एक अधिसूचना काढली आणि परदेशातून ड्रोन आणण्यावर बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांना सूट दिली. अधिसूचनेत तीन संज्ञा होत्या: सीबीयू, एसकेडी आणि सीकेडी. म्हणजे पूर्ण तयार, अर्धवट सुटं केलेलं आणि पूर्ण सुटं केलेलं. तिन्ही रूपांत बंदी. सुटे घटक मात्र, म्हणजे मोटर, सर्वो वगैरे, खुशाल आणा.

आता रेडिओवर उडणारं हौशी विमान हेसुद्धा कायद्याच्या भाषेत मानवरहित विमानच. त्यामुळे आमच्यासारख्या हौशी लोकांत लगेच दोन तट पडले. एक तट म्हणाला, संपला छंद. दुसरा, बहुतेक वयानं मोठ्या लोकांचा, मनातून खूश होता: आता तरी पोरं स्वतःच्या हातानं विमान बांधतील. हा वाद काही नवा नाही. डब्यातून काढून उडवलेल्या विमानावर माणसाचा जीव बसतो का, की तो फक्त स्वतः कापून, घासून, चिकटवून केलेल्यावरच बसतो? प्रत्येक एरोमॉडेलरला यावर ठाम मत असतं आणि ते तो न विचारता सांगतो.

मला मात्र त्या तीन संज्ञा वाचून आधी आमचं घर आठवलं. हे शब्द मी लहानपणी जेवताना ऐकलेत. बाबा ओझरला एचएएलमध्ये फिटर होते.

निफाड म्हटलं की लोकांना द्राक्षं आठवतात, नाहीतर डिसेंबर-जानेवारीतल्या थंडीच्या बातम्या. ओझर आमच्याच तालुक्यात येतं हे नाशिकबाहेरच्यांना सांगावं लागतं. न्यायमूर्ती रानड्यांचा जन्म निफाडचा, १८४२ चा. आपल्या देशात कारखानदारी का उभी राहत नाही, नुसता कच्चा माल पाठवून तयार वस्तू विकत घेण्याची पाळी का येते, यावर त्यांनी पुष्कळ लिहिलं, भाषणं दिली. आणि त्यांच्या जन्मगावापासून वीसेक किलोमीटरवर पुढे लढाऊ विमानांचा कारखाना आला. हा निव्वळ योगायोग आहे, त्यात फार अर्थ शोधू नका, पण मला तो आवडतो.

१९६२ मध्ये भारतानं सोव्हिएत संघाशी मिग-२१ चा करार केला. त्याच वर्षाच्या शेवटी चीनशी युद्ध झालं, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ मध्ये नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर निवडून आले. मिगसाठी तीन ठिकाणं ठरली: विमानाचा सांगाडा नाशिकला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. १९६४ मध्ये बंगळुरूची जुनी हिंदुस्थान एअरक्राफ्ट आणि मिगसाठी काढलेली नवी कंपनी एकत्र करून आजची एचएएल झाली.

पहिली मिग-२१ विमानं मात्र ओझरची नव्हतीच. ती १९६३ मध्ये तयारच आली, चंदीगडच्या २८ स्क्वाड्रनसाठी. म्हणजे सीबीयू. मग सुट्या भागांचे संच आले आणि ओझरला जोडणी सुरू झाली. आधी मोठमोठे तुकडे, नंतर लहान लहान तुकडे. आणि १९७० मध्ये कच्च्या मालापासून, म्हणजे पत्रा, सळ्या, ओतीव ठोकळे इथपासून बनवलेलं पहिलं मिग-२१ हवाई दलाला दिलं गेलं. तयार, अर्धवट सुटं, पूर्ण सुटं, कच्चा माल. चार पायऱ्या. पुढे सुखोई-३० एमकेआयलाही हीच शिडी लागली: नाशिकमध्ये जोडलेलं पहिलं सुखोई २००४ मध्ये दिलं, आणि एकूण २२२ विमानं परवान्याखाली इथे झाली. शेवटच्या टप्प्यातली कच्च्या मालापासून. पण तो कच्चा माल, टायटॅनियमचे ठोकळे वगैरे, रशियातूनच यायचा.

इथे थोडं थांबू. ‘कच्च्या मालापासून’ म्हटल्यावर आपल्याला वाटतं की आता सगळं आपलं. तर ठोकळा रशियाचा, ड्रॉइंग रशियाचं. मग ओझरच्या माणसानं काय बनवलं? हा प्रश्न मी एकदा बाबांना, कॉलेजातल्या नव्या शहाणपणाच्या जोरावर, विचारला होता. ते म्हणाले, ‘‘तुझ्या आईनं पोळ्या केल्या तर गहू कुणाचा हे विचारतोस का?’’

हीच शिडी हौशी विमानांच्या इतिहासात आहे. आणि गंमत अशी की प्रत्येक पायरीवरच्या माणसाला वाटतं, खरं बनवणं माझ्या पायरीपासून सुरू होतं.

१८७१ मध्ये आल्फोन्स पेनो नावाच्या तरुण फ्रेंच माणसानं पॅरिसच्या त्वीलरी बागेत पिळलेल्या रबरावर चालणारं एक छोटं विमान उडवून दाखवलं. ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर. बिनमाणसाचं, पण स्वतःचा तोल स्वतः सांभाळणारं. पेनोनं रबरावर उडणारं एक हेलिकॉप्टरसारखं खेळणंही काढलं होतं आणि त्याच्या नकला बाजारात येऊ लागल्या. त्यातलं एक १८७८ मध्ये मिल्टन राइट नावाच्या पाद्र्यानं आपल्या दोन धाकट्या मुलांसाठी घरी आणलं. विल्बर ११ वर्षांचा, ऑर्व्हिल ७ वर्षांचा. बुच, बांबू आणि कागदाचं खेळणं. पोरांनी त्याचं नाव ठेवलं ‘वटवाघूळ’. ते फार दिवस टिकलं नाही हे सांगायला नकोच. मग त्यांनी तसंच स्वतः करून पाहिलं. उडालं. मग मोठं केलं, तर ते उडेना. आकार दुप्पट केला की ताकद दुप्पट लावून भागत नाही, हे तेव्हा त्यांना माहीत नव्हतं. नंतर स्वतःच्या आठवणीत त्यांनी हे लिहून ठेवलंय.

म्हणजे विमानाच्या इतिहासातल्या सर्वांत नावाजलेल्या ‘हातानं बांधणाऱ्यां’ची सुरुवात विकत आणलेल्या तयार खेळण्यानं झाली. ‘रेडी-टू-फ्लाय’ला नाकं मुरडणाऱ्या जुन्या लोकांना मी हे हमखास ऐकवतो. त्यांना आवडत नाही.

विसाव्या शतकात किट आले. अमेरिकेत पॉल गिलो या पहिल्या महायुद्धातल्या नौदल वैमानिकानं १९२६ मध्ये आपली कंपनी काढली, ती आजही बाल्साचे किट विकते. मंदीच्या काळात तिकडे दहा सेंटांतही किट मिळायचे: बाल्साच्या पट्ट्या, छापील फरशा, कागद आणि नकाशा. पट्ट्या ब्लेडनं कापायच्या, नकाशावर टाचण्या टोचून सांगाडा उभा करायचा, वर पातळ कागद ताणायचा आणि त्यावर डोप लावायचं, म्हणजे कागद आवळून ढोलकीसारखा होतो. पण त्याच दशकात, १९३२ मध्ये, इंग्लंडात फ्रॉग कंपनीनं डब्यातून काढून लगेच उडवायचं रबरी विमान काढलं. रबराला पीळ द्यायची सोयसुद्धा डब्यातच. तेव्हा ‘आजकालच्या पोरांना सगळं तयार हवं’ ही तक्रार किमान नव्वद वर्षं जुनी धरायला हरकत नाही.

रेडिओचं तर विचारूच नका. मिशिगनमध्ये वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ च्या सुमारास ‘गफ’ नावाचं रेडिओवर चालणारं विमान उडवलं. आता ते स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. एका भावाचं लक्ष विमानावर, दुसऱ्याचं रेडिओवर, आणि दोन्ही घरी बनवलेलं. पुढच्या पिढीनं रेडिओ दुकानातून आणला आणि विमान स्वतः बांधलं, तरी ती स्वतःला शून्यातून बांधणारी पिढीच म्हणवून घेते. गुड बंधूंनी त्यांना काय म्हटलं असतं?

अमेरिकेत तारेवर उडवायच्या कसरती विमानांच्या स्पर्धांत हा वाद थेट नियमपुस्तकात गेला. तिथे वर्षानुवर्षं विमानाच्या दिसण्याला २० पर्यंत गुण असायचे आणि अट अशी की विमान उडवणाऱ्यानं ते स्वतः बांधलेलं असावं. मग भांडणं. आधीच आकार दिलेले पंख आणले तर चालेल का? सांगाडा विकतचा आणि रंग माझा, तर मी बांधणारा का? प्रामाणिक माणसं यावर एकमेकांशी बोलायची बंद झाली आहेत. मला हे वाचताना हसू येतं, पण मग आमच्या धंद्यातलं आठवतं. मी सॉफ्टवेअरवाला. ‘हे मी लिहिलं’ असं म्हणतो तेव्हा त्याखाली दुसऱ्यांनी लिहिलेल्या शंभर लायब्ऱ्या असतात. तरी रात्री दोनला सर्व्हर पडला की ‘माझं पडलं’ असंच वाटतं.

मी स्वतः या छंदात कॉलेजच्या टीममधून शिरलो. इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी वजन उचलणाऱ्या विमानांच्या स्पर्धा असतात, त्यातली एक. बाल्साच्या फासळ्या लेझरनं कापून आणल्या, म्हणजे कापण्याचं कष्टाचं काम मशीननंच केलं. आम्ही त्या ओवल्या, चिकटवल्या, घासल्या आणि वर प्लॅस्टिकची फिल्म घरच्या इस्त्रीनं ताणली. जगातला बहुतेक बाल्सा इक्वेडोरमधून येतो. मोटर चिनी, बॅटरी चिनी. अडीच महिने लागले. आणि त्या विमानाची कुठली फासळी जरा तिरकी बसली होती हे मला आजही डोळे मिटून सांगता येईल. तिसऱ्या उड्डाणात ते पडलं. तुकडे गोळा करताना टीममधला सगळ्यात आडदांड पोरगा रडला, आणि कुणी हसलं नाही.

उलट फोमची तयार विमानं. पंख खोचा, चार स्क्रू, बॅटरी, उडाला. आत जायरो असतो, तो तोल सांभाळतो. कांडी सोडली तर विमान आपोआप सरळ होतं. नवशिक्याचं विमान पहिल्याच दिवशी मातीत जात नाही, ही काही लहान गोष्ट नाही. ज्यांनी जुन्या काळी दोन महिने बांधून दोन मिनिटांत चक्काचूर पाहिला त्यातले कितीतरी लोक परत मैदानावर आलेच नाहीत. ‘हातानं बांधणं’ या परंपरेचं कौतुक टिकलेले लोक करतात, गेलेल्यांना कुणी विचारत नाही.

या जीव बसण्याच्या भानगडीवर एक प्रसिद्ध अभ्यास आहे, २०१२ मध्ये छापलेला. नॉर्टन, मोचॉन आणि अ‍ॅरिएली या तीन संशोधकांनी लोकांकडून घडीकागदाच्या आकृत्या करून घेतल्या, आयकियाचे खोके जोडून घेतले, लेगो लावून घेतले. लोकांनी स्वतः केलेल्या वेड्यावाकड्या आकृतीची किंमत जवळपास तज्ज्ञानं केलेल्या आकृतीइतकी लावली. याला ते ‘आयकिया परिणाम’ म्हणतात. सगळेजण अभ्यासाचा हा अर्धाच भाग सांगतात. उरलेला अर्धा असा की काम पुरं होऊ दिलं नाही, किंवा करून परत सोडवायला लावलं, तर हा जिव्हाळा नाहीसा होतो. आणि आणखी एक: खोका सुट्या भागांचाच होता. लाकूड कुणी तासलं नव्हतं. म्हणजे जीव बसायला झाड लावण्यापासून सुरुवात करावी लागत नाही, थोडं काम आपल्या हातून पुरं व्हावं लागतं.

तयार विमानात नेमकी तीच जागा सुरुवातीला नसते. पुरं करायला काही ठेवलेलंच नसतं. माझं मत असं, की ती जागा पहिल्यांदा मिळते विमान मोडल्यावर.

आता अवघड भाग.

बाबा नोकरीला लागले तेव्हा मिग-२१ बिसचं उत्पादन शेवटाकडे आलं होतं. मग मिग-२७. नंतर १२५ जुनी बिस विमानं उघडून, आतली इलेक्ट्रॉनिक्स बदलून त्यांची ‘बायसन’ करायचं काम आलं. पहिली दोन रशियात झाली, बाकीची इथे. बाबांचं काम रिव्हेटचं, सांगाड्याचं. हौशी माणूस विमान बांधतो, उडवतो, पाडतो आणि दुरुस्त करतो. या चारही गोष्टी एकाच जिवाच्या असतात. कारखान्यात तसं नसतं. तिथे बांधणारा एक, उडवणारा दुसरा. आणि पडतं तेव्हा माणसासकट पडतं.

२०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत आकडे दिले होते: ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली, १७१ वैमानिक गेले, ३९ नागरिक गेले. मानवी चूक आणि तांत्रिक बिघाड अशी दोन्ही कारणं त्यांनी सांगितली. वर्तमानपत्रं मिग-२१ ला ‘उडती शवपेटी’ म्हणायची. आमच्या घरी तो शब्द कुणी उच्चारत नसे. अपघाताची बातमी आली की बाबा पेपर घेऊन ओट्यावर जायचे आणि विमानाचा क्रमांक छापलाय का ते बघायचे. बहुतेक वेळा नसायचा. त्या दिवशी ते कमी जेवायचे. आई आम्हाला म्हणायची, आज काही विचारू नका.

मी हे का सांगतोय? कारण हातानं बनवलेल्या वस्तूवरचं प्रेम असं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कौतुकाचीच चित्रं येतात. लाकडाचा वास, डोपचा वास, शेल्फावर ठेवलेलं विमान. त्या प्रेमाला ही बाजू पण आहे. ज्यानं फक्त विकत घेतलं तो म्हणू शकतो, कंपनीचा माल खराब निघाला. ज्याचा हात लागलाय त्याला हे म्हणता येत नाही, त्याचा दोष असो वा नसो. एका विमानात हजारो रिव्हेट, शेकडो हात, वर तपासणीचे शिक्के. त्यातल्या एका माणसानं स्वतःला जबाबदार धरणं हिशोबात बसत नाही. बाबांनाही ते कळत होतं. तरी ते क्रमांक बघायचे.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ निवृत्त झालं. जिथे १९६३ मध्ये पहिलं आलं, तिथेच. शेवटची उडाली ती बायसन. मी सुट्टी काढून निफाडला आलो होतो. बाबा निवृत्त झालेत, टीव्हीसमोर बसले होते. सोबत टाउनशिपमधले दोन जुने सोबती. मला वाटलं होतं डोळ्यांत पाणी वगैरे येईल. तसं काही झालं नाही. तिघं पडद्याकडे बघत पॅनेलबद्दल बोलत होते: कुठल्या पॅनेलला हात पोचत नसे, कुठे रिव्हेट मारताना आतून डॉली धरणारा बारीक अंगाचाच लागायचा, त्या बारीक अंगाच्या माणसाचं पुढे पोट कसं सुटलं. विमान उतरलं, पाण्याच्या तोफांनी सलामी दिली. मग एक काका म्हणाले, ‘‘चला, आता नाही पडणार.’’ कुणी काही बोललं नाही. आईनं चहा आणला.

त्याच दिवाळीच्या तोंडावर, १७ ऑक्टोबरला, नाशिकच्या कारखान्यातून पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. संरक्षणमंत्री आले होते, तेजसची तिसरी आणि एचटीटी-४० ची दुसरी उत्पादन रेषा सुरू झाली. आमच्याकडे तेव्हा ताई आणि भाचा आलेले. भाच्याला मी पुण्याहून एक फोमचं तयार विमान आणलं होतं, २५० ग्रॅमच्या आतलं. ओझरचा विमानतळ तालुक्याच्या एवढा जवळ असल्यामुळे आधी नकाशा बघून, हिरव्या पट्ट्यातलं एक मोकळं रान शोधून ते उडवावं लागतं. दोन दिवस त्यानं ते उडवलं आणि तिसऱ्या दिवशी मोबाइलमध्ये गुंतला. विमान सोफ्याखाली. हाच मुद्दा मग सगळे नातेवाईक मला ऐकवत होते: तयार आणलंस ना, मग असंच होणार.

चौथ्या दिवशी त्याला आग्रह करून नेला, तर वारा होता. विमान द्राक्षबागेच्या कडेच्या तारेवर आदळलं आणि नाक तुटलं. भाचा म्हणाला, दुसरं आण ना मामा. बाबांनी तुकडे हातात घेऊन निरखले. मग झाडूतली एक बांबूची काडी, हॉट ग्लू, आणि त्याला समोर बसवून दीड तास. काडी आत घालून नाक जोडलं तर नाक जड झालं. मग बॅटरी थोडी मागे सरकवायची, पंखाखाली दोन बोटं धरून तोल बघायचा, परत सरकवायची. भाच्याला ‘गुरुत्वमध्य’ हा शब्द शाळेत येण्याआधी बोटांवर आला. नाकावर आता गोंदाचा एक मोठा डाग आहे आणि विमान जरासं डावीकडे ओढतं. ते आता तो कुणाला हात लावू देत नाही. ताईलासुद्धा नाही.

टीव्हीवर तेजस दिसत असताना त्यानं विचारलं, ‘‘आजोबा, हे पण किटचं आहे का?’’

बाबांनी सांगितलं, पंख कोइमतूरला एल अँड टी करते, इंजिन अमेरिकेतून जीईचं येतं, ते वेळेवर आलं नाही म्हणून विमानं रखडलीत, आणि जोडणी इथे नाशिकला.

‘‘मग इथले लोक काय करतात?’’

बाबांनी त्याला उठवून समोर उभं केलं, त्याच्या एका हातात वाटी पालथी धरायला दिली आणि म्हणाले, ही डॉली, आतून घट्ट दाबून ठेवायची, मी बाहेरून मारणार, हात हलला तर रिव्हेट वाकडा बसतो आणि परत ड्रिल करून काढावा लागतो. मग ते चमच्यानं सोफ्याच्या हातावर ठोकू लागले आणि भाचा दोन्ही हातांनी वाटी दाबून उभा राहिला.